कामासाठी गोव्यात पाच-सहा महिने मुक्काम: हॉटेल, सर्व्हिस अपार्टमेंट की भाड्याचा फ्लॅट?

पश्चिमघाट

नमस्कार मंडळी. मी पुण्यातल्या एका कंपनीत औषधनिर्मितीच्या यंत्रांचं व्हॅलिडेशन, म्हणजे ती ठरल्याप्रमाणे चालतात का याची तपासणी, बघतो. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नवी लाइन उभी राहतेय, त्यासाठी ऑक्टोबरपासून साधारण मार्चपर्यंत मला तिथे मुक्काम ठोकायचा आहे. कंपनी म्हणते, एकतर हॉटेल किंवा सर्व्हिस अपार्टमेंटचं बिल आमच्या नावावर घ्या, नाहीतर महिन्याला ठरावीक रक्कम घ्या आणि तुमची सोय तुम्ही बघा. दोन्हींत नेमका काय फरक पडतो ते एचआरलाही धड सांगता येत नाहीये.

गोव्यात आजवर आलो ते सुट्टीला, कळंगुटच्या बाजूला. काम करत सहा महिने राहणं हा वेगळाच प्रकार आहे. नेटवर शोधलं की सगळीकडे समुद्र, स्विमिंग पूल आणि नाश्ता यांचेच फोटो. बसून काम करण्याजोगं टेबल आहे का, इस्त्रीची सोय आहे का, रात्री दहाला परतल्यावर जेवण मिळेल का, याबद्दल कुणी अक्षर लिहीत नाही.

माझी गरज अशी: एक आड एक शनिवार-रविवार पुण्याला जाईन. डिसेंबरात बायको आणि चार वर्षांची मुलगी येऊन राहतील. रोज बाहेरचं खाणं मला झेपत नाही, त्यामुळे निदान वरण-भात लावता येईल एवढं स्वयंपाकघर हवं. गाडी आणणार नाही. पणजीत राहावं, मडगावात की वास्कोत? आणि 'मंथली रेट' म्हणून सांगतात त्यात बोलणी कुठवर करता येतात? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

झुवारीकाठ

आधी नकाशा समोर ठेवा, मग हॉटेल शोधा. वेर्णा दक्षिण गोव्यात पठारावर आहे. तिथून मडगाव दहा-बारा किलोमीटर, वास्को त्याहून थोडं लांब, पणजी पंचविसेक. पणजीहून यायचं तर बांबोळी, आगशी करत झुवारी नदी ओलांडावी लागते. जुन्या पुलावर पूर्वी तासन् तास गाड्या तुंबायच्या. नव्या पुलाची एक बाजू डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरी डिसेंबर २०२३ मध्ये खुली झाली, तेव्हापासून रस्ता मोकळा झाला. त्यामुळे पणजीत राहून वेर्ण्याला नोकरी करणारे आता भरपूर आहेत. पण कळंगुट, हणजुणे, वागातोर या बाजूला राहण्याचा विचारही करू नका. तिथून मांडवी आणि झुवारी अशा दोन्ही नद्या ओलांडायच्या, शिवाय संध्याकाळी पर्यटकांच्या गाड्यांतून वाट काढत घरी पोचायचं.

माझं मत मडगाव किंवा फातोर्डा. बाजार, दवाखाने, कोकण रेल्वेचं मोठं स्थानक, सगळं हाताशी. पुण्यासाठी गोवा एक्सप्रेस मडगावहून मिळते, रात्रीच्या खाजगी बसही सुटतात. विमानाने जाणार असाल तर तिकीट काढताना दाबोळी की मोपा ते नीट बघा. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे, पण तो पेडणे तालुक्यात, गोव्याच्या उत्तर टोकाला. वेर्ण्याहून साठेक किलोमीटर. तिकिटात हजार रुपये वाचले म्हणून आनंद मानावा आणि ते टॅक्सीत घालवावेत, असं होतं. दाबोळी मात्र वेर्ण्याहून जवळच.

वास्कोही सोयीचं आहे, विशेषतः चिखलीच्या बाजूला. बंदराला लागून असलेल्या भागात कोळशाच्या धुळीची तक्रार वर्षानुवर्षांची आहे, लहान मुलगी येणार असेल तर तो भाग टाळा.

गाडी आणणार नाही म्हणालात, त्यावर फेरविचार करा. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत. गोवामाइल्सचं ॲप आहे, पण वेर्ण्याच्या पठारावर रात्री उशिरा टॅक्सी लगेच मिळेल असं धरून चालू नका. पणजी-मडगाव कदंबची (गोव्याच्या सरकारी एसटीची) शटल बस उत्तम आहे, पण ती मध्ये थांबत नाही. वेर्ण्याला उतरायचं तर साधी बस घ्यावी लागते, आणि रात्री आठनंतर बस विरळ होत जातात. कारखान्याची स्वतःची बस कुठून कुठून सुटते ते आधी विचारा. बरेच कारखाने मडगाव, वास्को, फोंडा, पणजी इथून कामगारांसाठी बस सोडतात. ज्या थांब्यावर ती बस येते, त्या थांब्यापासून चालत जाता येईल असं घर बघा. माझ्या मते तुमच्या सगळ्या शोधाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

सांजवेळ

झुवारीबाबशी सहमत. मी एका कारखान्याच्या प्रशासन विभागात आहे. बाहेरगावाहून येणाऱ्या इंजिनिअर लोकांची राहण्याची व्यवस्था लावणं हा माझ्या कामाचाच भाग, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

गोव्यात मुक्कामाची किंमत खोलीवर कमी आणि कॅलेंडरवर जास्त ठरते, हे सगळ्यात आधी डोक्यात ठेवा. जून ते सप्टेंबर हॉटेलं रिकामी असतात. तेव्हा महिन्याचा दर मागितला की मालक स्वतः खाली उतरतो. ऑक्टोबरपासून दर चढतात आणि नाताळ ते नवीन वर्ष या काळात तर शिखर गाठतात. पणजीत राहणार असाल तर नोव्हेंबरचा उत्तरार्धही त्यात धरा, कारण इफ्फी हा चित्रपट महोत्सव असतो. तुमचा मुक्काम ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे अगदी ऐन हंगामातला. त्यामुळे सप्टेंबरात कुणी तुम्हाला 'महिन्याला इतके' असा गोड आकडा सांगितला, तर तो आकडा २० डिसेंबर ते ५ जानेवारीलाही लागू आहे का, हे लेखी घ्या. हॉटेलवाले याला ब्लॅकआउट डेट्स म्हणतात. करारात खाली बारीक अक्षरात या तारखा असतात, आणि त्या दिवसांत एकतर तिप्पट दर द्या किंवा खोली रिकामी करा अशी वेळ येते. तुमची मंडळी नेमकी डिसेंबरात येणार आहेत!

फ्लॅटचंही तेच. इथल्या मोठ्या कॉम्प्लेक्समधले कितीतरी फ्लॅट दिल्ली-मुंबईकडच्या लोकांनी गुंतवणूक म्हणून घेतलेले आहेत. वर्षभर ते दिवसाच्या दराने पर्यटकांना दिले जातात. असा मालक ऑक्टोबरात तुम्हाला आनंदाने किल्ली देईल आणि १५ डिसेंबरला फोन करेल की घरचे लोक येताहेत, दोन आठवड्यांसाठी सोय बघा. म्हणून मी आमच्या लोकांसाठी कायम असा फ्लॅट शोधते ज्याचा मालक गोव्यातच राहतो, शक्य तर त्याच इमारतीत वर किंवा खाली. मडगाव, फातोर्डा, नावेली, बोर्डा या भागांत अशी घरं मिळतात. निवृत्त जोडपं, मुलं परदेशात, खालचा मजला भाड्याने. त्यांना शांत, नोकरी करणारा, वेळेवर पैसे देणारा माणूस हवा असतो. घरात सजावट नसते, जुनं लाकडी कपाट आणि स्टीलची भांडी असतात, पण नळाला पाणी नाही आलं तर मालक तुमच्याबरोबरच बादली घेऊन उभा असतो.

सर्व्हिस अपार्टमेंट हा मधला मार्ग. स्वयंपाकघर, वॉशिंग मशीन, वायफाय, आठवड्यातून दोन-तीनदा साफसफाई, बिल जीएसटीसकट. पण त्या नावाखाली गोव्यात काहीही खपवतात. कोपऱ्यात इंडक्शनची शेगडी आणि किटली ठेवली की झालं सर्व्हिस अपार्टमेंट. त्यामुळे फोटोवर जाऊ नका, व्हिडिओ कॉलवर स्वयंपाकघराचा नळ उघडून दाखवायला सांगा, एक्झॉस्ट लावायला सांगा, फ्रिज उघडायला सांगा. खोलीत ठेवतात तसला छोटा फ्रिज असेल तर त्यात दुधाची पिशवी आणि दोन बाटल्या मावल्या की जागा संपते. रोज स्वयंपाक करणाऱ्याला तो पुरत नाही.

सातासमुद्रापार

सांजवेळताईंनी छान लिहिलंय. मी कामासाठी अमेरिकेत अशा लांब मुक्कामाच्या हॉटेलांत बराच राहिलो आहे, तिकडची पद्धत थोडक्यात सांगतो. जॅक डीबोअर या गृहस्थांनी १९७५ साली कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात रेसिडेन्स इन सुरू केलं, १९८७ साली ते मॅरियटने विकत घेतलं. या हॉटेलांची इमारतच मुळात महिनाभर राहणाऱ्या माणसासाठी बांधलेली असते: पूर्ण आकाराचा फ्रिज, शेगडी, भांडी धुण्याची सोय, खाली नाण्यांवर चालणारी कपडे धुण्याची यंत्रं. रोज चादर बदलत नाहीत, त्यामुळे हॉटेलचा नोकरवर्ग कमी लागतो आणि तो वाचलेला खर्च दरात उतरतो. सात रात्रींचा एक दर, तीस रात्रींचा त्याहून कमी. बऱ्याच राज्यांत तीस दिवसांच्या वर राहिलं की हॉटेलवरचा स्थानिक करही लागत नाही.

गोव्यातली हॉटेलं तीन-चार रात्री राहणाऱ्या पर्यटकासाठी बांधलेली असतात. तिथे लांबच्या मुक्कामाला दर कमी करवून घ्यायचा तर तुम्हीच सांगायला हवं की रोजची साफसफाई नको, टॉवेल आठवड्यातून दोनदा पुरे, नाश्ता नको. म्हणजे मालकाचा खर्च नेमका कुठे वाचतो ते त्याला दाखवून द्यायचं. नुसतं 'जास्त दिवस राहतोय, कमी करा' म्हटलं की पाच-दहा टक्क्यांवर बोळवण होते.

सांजवेळ

अगदी बरोबर. आणि दर मागताना प्लॅन विचारायचाच. ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे नाश्त्यासकट, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. सकाळी साडेसातची बस पकडणाऱ्याला साडेआठला सुरू होणारा नाश्ता काय कामाचा? तो दरातून काढून टाका.

पश्चिमघाट, तुमच्या शनिवार-रविवारच्या पुणे वाऱ्यांबद्दल. महिन्याचा दर तीस रात्रींचा असतो, तुम्ही असा वा नसा. समजा रात्रीचे ३,००० रुपये, म्हणजे महिन्याचे ९०,०००. तुम्ही महिन्यातल्या चार रात्री पुण्याला असणार, म्हणजे १२,००० रुपये रिकाम्या खोलीचे. दोन पर्याय असतात. गेलेल्या रात्रींचा अर्धा दर लावून खोली तुमच्याच नावावर ठेवायची, किंवा खोली सोडायची आणि सामान लॉकर रूममध्ये ठेवून सोमवारी परत घ्यायची. हंगामात दुसरा पर्याय हॉटेलवाल्यालाही आवडतो, कारण शुक्रवार-शनिवारीच त्याला चढा दर मिळतो. म्हणजे तुमची सुट्टी त्याच्या फायद्याची आहे, हे लक्षात ठेवून बोला.

लेखाजोखा

कराच्या बाजूबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण 'एचआरलाही धड सांगता येत नाही' हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय.

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेल खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, इनपुट क्रेडिटशिवाय (म्हणजे हॉटेलने स्वतःच्या खरेदीवर भरलेला कर वजा न करता). त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे ७,५०० च्या खोलीचे करासह ७,८७५ होतात आणि ८,००० च्या खोलीचे ९,४४०. खोली पाचशे रुपयांनी महाग, पण खिशातून दीड हजाराहून जास्त जातात. सहा महिन्यांचा गुणाकार करा.

कंपनी म्हणेल की १८ टक्क्यांचं क्रेडिट आम्ही घेऊ, म्हणजे तेवढा कर आमच्या जीएसटीतून वजा करू. इथे मेख आहे. स्थावर मालमत्तेशी जोडलेल्या सेवेचं 'प्लेस ऑफ सप्लाय' (करासाठी सेवा जिथे दिली असं धरतात ते ठिकाण) ती मालमत्ता जिथे आहे ते राज्य असतं. गोव्यातलं हॉटेल गोव्याचा सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा वाटा) लावणार. तुमच्या कंपनीची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल तर तो कर क्रेडिट म्हणून घेता येत नाही, तो सरळ खर्चात जातो. गोव्यात नोंदणी असेल तर गोष्ट वेगळी, मग बिलावर गोव्याचाच जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) हवा. चेक-इनच्या वेळी काउंटरवर पुण्याचा नंबर सांगून मोकळे होतात आणि महिनाअखेरीस अकाउंट्सवाले बिल परत पाठवतात, हे टाळा.

आता फ्लॅट. राहण्यासाठी भाड्याने घेतलेलं घर तुम्ही स्वतःच्या नावावर घेतलं तर जीएसटी नाही. जीएसटी नोंदणी असलेल्या कंपनीने घेतलं तर १८ टक्के रिव्हर्स चार्जने, म्हणजे मालकाऐवजी भाडेकरू कंपनीला, भरावा लागतो. महिन्याचं भाडं ५०,००० च्या वर गेलं तर कंपनीला १० टक्के टीडीएसही कापावा लागतो. त्यामुळे 'घर कंपनीच्या नावावर करू' असं कुणी सहज म्हणत असेल तर आधी अकाउंट्सला विचारा.

पेइंग गेस्ट किंवा छोट्या सर्व्हिस अपार्टमेंटसाठी एक उपयोगाची सवलत आहे. माणशी महिन्याला २०,००० रुपयांपर्यंत भाडं आणि सलग किमान ९० दिवसांचा मुक्काम असेल तर अशा निवासावर जीएसटी माफ आहे. २०२४ च्या जुलैपासून. यात 'सलग' हा शब्द महत्त्वाचा, म्हणून दर पंधरा दिवसांनी खोली सोडून परत घेण्याची वर सांगितलेली युक्ती इथे वापरू नका. करार एकच, सलग तारखांचा करा.

ठरावीक रक्कम घेतलीत तर ती कंपनी दौऱ्याचा भत्ता म्हणून देतेय की पगारात मिसळतेय ते विचारा. दौऱ्याचा भत्ता खरोखर खर्च झाला तेवढ्यापुरता करमुक्त असतो. बिलं ठेवा, घरमालकाच्या पावत्या ठेवा, भाडं बँकेतूनच द्या.

चहापाव

सगळे फ्लॅटच्या बाजूने बोलताहेत म्हणून मी हॉटेलच्या बाजूने बोलतो. मी जहाजदुरुस्तीच्या कामासाठी वास्कोला वरचेवर असतो आणि फ्लॅटच्या फंदात पडत नाही. दिवसभर बारा तास साइटवर काढल्यावर घरी येऊन गॅस संपला, मोटर बंद पडली, कचरा कुणी उचलला नाही, या भानगडी मला नको असतात. हॉटेलात लाइट गेली की जनरेटर सुरू होतो. एसी बिघडला तर दुसरी खोली मिळते. आणि काम लवकर संपलं तर दुसऱ्या दिवशी बॅग उचलून घरी. फ्लॅटला तसं करता येत नाही, लॉक-इनचे (करारात ठरलेल्या किमान मुदतीचे) पैसे जातात. प्रोजेक्टच्या तारखा कुठे पाळल्या जातात? मार्चचं काम जानेवारीत संपतं किंवा मेपर्यंत लांबतं.

जेवणाचं म्हणाल तर गोव्यात साधं, घरच्यासारखं खाणं मिळतं, फक्त समुद्रकिनाऱ्यापासून लांब जा. सकाळी भाजी-पाव, दुपारी खानावळीत थाळी. आणि पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येतो, त्याच्याकडची गरम पोय (इथला पाव) आणि खोलीत लावलेलं वरण, एवढ्यावर माझं रात्रीचं जेवण होतं. त्यासाठी किटली आणि एक इलेक्ट्रिक कुकर पुरतो, पण हॉटेलवाल्याला आधी विचारून ठेवा. कित्येक ठिकाणी खोलीत शिजवू देत नाहीत.

सांजवेळ

चहापाव यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, एकट्या माणसासाठी. पण चार वर्षांचं मूल हॉटेलच्या खोलीत आठवड्याच्या वर ठेवून बघा. रात्री दीडला दूध गरम करायचं झालं तर रूम सर्व्हिसला फोन करायचा? लेकरू आजारी पडलं तर पेज करायची कुठे? कुटुंब येणार असेल तर स्वयंपाकघर हवंच.

लॉक-इनवर उपाय आहे. करार अकरा महिन्यांचा करतात तो नोंदणीच्या कायद्यामुळे, एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो म्हणून. पण अकरा महिन्यांचा करार केला म्हणजे अकरा महिने राहायलाच हवं असं नाही. लॉक-इन तीन महिने आणि त्यानंतर दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस, असं लिहून घ्या. 'दोन्ही बाजूंनी' लिहिताना लॉक-इनही दोन्ही बाजूंनी असू द्या, म्हणजे मालकाला डिसेंबरात काढता येणार नाही.

माडाचीसावली

एकट्या राहणाऱ्या बाईच्या नजरेतून दोन गोष्टी लिहिते. मी फातोर्ड्याला सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये राहिले आहे. साफसफाईसाठी येणाऱ्यांकडे मास्टर चावी असते, म्हणून आतून वेगळी कडी आहे का ते पहिल्या दिवशी बघायचं. आणि साफसफाईचे दिवस-वेळ ठरवून घ्यायची, आपण नसताना कुणी आत येऊ नये असं स्पष्ट सांगायचं. मी सांगितल्यावर त्यांनी लगेच मान्य केलं, अवघड वाटून घेण्याचं कारण नाही. दुसरं, रस्त्यापासून दारापर्यंतचा दिवा. गोव्यातल्या आतल्या वाड्यांवर संध्याकाळी सातनंतर चिटपाखरू नसतं, दिवसा सुंदर दिसणारी बाग रात्री मिट्ट काळोखाची असते. घर बघायला दिवसा जा आणि रात्रीही एकदा जा.

फोंडेकर

धागा वेर्ण्याचा आहे, पण पुढे कुणी कुंडई, मडकई किंवा बेतोड्याला कामासाठी येणार असेल त्याच्यासाठी: फोंड्यातच राहा. पणजीहून रोज येण्यात अर्थ नाही. फोंड्यात भाडी किनाऱ्याच्या तुलनेत कमी, पर्यटकांचा हंगाम घरभाड्यावर फारसा परिणाम करत नाही, शाकाहारी खाणावळी भरपूर. मराठी बोललं की काम होतं.

आणखी एक, दरवेळी कुणीतरी विचारतं म्हणून. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे इथल्या देवस्थानांच्या अग्रशाळा (धर्मशाळा) भाविकांसाठी, कुळाव्यांसाठी (ज्यांचं ते कुलदैवत त्यांच्यासाठी) असतात. दर्शनाला आलेल्याने एक-दोन रात्री राहावं यासाठी. स्वस्त मिळते म्हणून कारखान्याच्या कामाला येऊन तिथे महिना काढण्याची अपेक्षा धरू नये. तो देवस्थानच्या सोयीचा गैरवापर होतो.

पश्चिमघाट

इतकं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. कारखान्यात विचारलं: त्यांची बस मडगावातून आणि फातोर्ड्याहून सुटते. त्यामुळे पणजी बाद. कंपनीची गोव्यात जीएसटी नोंदणी नाही, हेही अकाउंट्सने आज कळवलं.

आता प्रश्न असे. घर बघताना नेमकं काय तपासायचं? गॅसचं काय करायचं, सहा महिन्यांसाठी जोडणी मिळते का? आणि पोलिसांकडे नोंद वगैरे करावी लागते का?

मृगधारा

घर तपासण्याबद्दल मी सांगते. तुम्ही ऑक्टोबरात, म्हणजे पावसाळा नुकताच संपल्यावर येताय, ही घर बघायची सगळ्यात चांगली वेळ. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो इथे. त्या चार महिन्यांत भिंतीने जे सोसलं ते ऑक्टोबरात लपवता येत नाही. नवा रंग मारलेला असला तरी कपाट जरा पुढे ओढून मागची भिंत बघा, हाताला गार आणि भुसभुशीत लागली तर ओल मुरलेली आहे. गादी उचलून खालची बाजू बघा, काळे ठिपके दिसले तर ती बदलून मागा. बाथरूमचं छत, खिडकीच्या चौकटीचे खालचे कोपरे, कपाटाच्या आतला वास. मुलीला सर्दी-दम्याचा त्रास असेल तर अशा घरात एक रात्रही काढू नका. जूनमध्ये येणाऱ्यांनी तर डीह्युमिडिफायर आहे का ते विचारूनच ठरवावं, नाहीतर चामड्याचे बूट आणि पट्टे आठवड्यात बुरशीने पांढरे होतात आणि कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत.

पाणी: टाकी किती मोठी आहे, इमारतीला वेगळी टाकी आहे की सामायिक, हे विचारा. बार्देशकडे, म्हणजे पर्वरी-म्हापशाच्या बाजूला, तिळारीचा कालवा फुटला की नळ कोरडे पडतात, तिथे टँकरची सोय कोण करतं ते करारात असावं. मडगावात साळावली धरणाचं पाणी येतं, त्यामानाने बरं आहे.

वीज: इन्व्हर्टर आहे का आणि त्यावर वायफायचा राउटर जोडलेला आहे का. नुसते पंखे-दिवे इन्व्हर्टरवर असतात आणि लाइट गेली की इंटरनेट जातं. रात्री पुण्याच्या लोकांशी कॉल असतील तर हे महत्त्वाचं. मीटरचं रीडिंग ज्या दिवशी किल्ली घ्याल त्या दिवशी मोबाइलवर फोटो काढून मालकाला पाठवा.

झुवारीकाठ

गॅससाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्या. इंडेनचा 'छोटू' पत्त्याच्या पुराव्याशिवाय, ओळखपत्रावर मिळतो आणि जाताना परत करता येतो. दोन माणसांच्या साध्या स्वयंपाकाला पुरतो. मालकाचा सिलिंडर आणि शेगडी असेल तर उत्तमच, पण नळी किती जुनी आहे ते बघा.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यावी लागते. अर्ज घरमालकाने भरायचा, तुम्ही आधार कार्डाची प्रत, फोटो आणि कंपनीचं पत्र द्यायचं. मालक टाळाटाळ करत असेल तर ते घर सोडून द्या. नोंद नसलेल्या घरात राहिलात आणि पुढे काही झालं तर त्रास तुम्हालाच. हॉटेल, गेस्ट हाउस किंवा होमस्टे घेणार असाल तर पर्यटन खात्याची नोंदणी आहे का ते विचारा, १९८२ च्या कायद्याखाली ती लागते. नोंदणी नसलेली जागा बऱ्याचदा पक्कं बिलही देत नाही, आणि तुम्हाला बिल हवंय.

रोजच्या फिरण्यासाठी महिन्याच्या बोलीवर स्कूटर भाड्याने मिळते. काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तर नको म्हणा, वाहतूक पोलीस थांबवतात आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळणं कठीण. जवळच्या अंतरासाठी मोटरसायकल पायलट, म्हणजे भाडं घेऊन दुचाकीवरून सोडणारे, आहेत, मडगाव स्टेशनबाहेर उभे असतात.

चहापाव

माझी एक सूचना. फ्लॅट पुण्यात बसून ठरवू नका. पहिले आठ-दहा दिवस मडगावात साधं हॉटेल घ्या, ७,५०० च्या आतलंच, कंपनीच्या बिलावर. त्या दिवसांत संध्याकाळी घरं बघा. कारखान्यातल्या माणसांना विचारा, कॅन्टीनवाल्याला विचारा, चर्चच्या नाहीतर देवळाच्या नोटीस बोर्डावर बघा. ब्रोकर महिन्याचं भाडं दलाली म्हणून घेतो आणि त्याच्याकडे गुंतवणूकवाल्यांचेच फ्लॅट जास्त असतात. सांजवेळताई म्हणतात तशी स्थानिक मालकांची घरं नेटवर येतच नाहीत, तोंडी निरोपावर जातात.

पश्चिमघाट

हे पटलं. तर मी असं ठरवतोय: ऑक्टोबरचे पहिले काही दिवस मडगावात हॉटेल, कंपनीच्या बिलावर. मग फातोर्डा किंवा बोर्डा भागात स्थानिक मालकाचा वन बीएचके, माझ्या नावावर, ठरावीक रक्कम दौऱ्याचा भत्ता म्हणून. लॉक-इन दोन्ही बाजूंनी. लेखाजोखा, हॉटेलचे दिवस आणि नंतरचा भत्ता एकाच महिन्यात आले तर काही अडचण? आणि सांजवेळताई, डिपॉझिट किती द्यावं?

लेखाजोखा

अडचण नाही, फक्त तारखा एकमेकींवर चढू देऊ नका. हॉटेलचं शेवटचं बिल ज्या तारखेपर्यंत, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून भत्ता सुरू, असं एचआरकडून मेलवर घ्या. हॉटेलच्या बिलावर तुमचं नाव आणि कंपनीचं नाव, दोन्ही असू द्या.

सांजवेळ

दोन महिन्यांचं भाडं रीतसर आहे, तीन मागितलं तर बोलून दोनवर आणा. मालक दहा महिन्यांचं वगैरे म्हणाला तर पुढचं घर बघा. डिपॉझिट परत कधी मिळणार, ते करारात तारखेनिशी लिहा: किल्ली दिल्यापासून पंधरा दिवसांत, बँक खात्यात, वीज-पाण्याचं शेवटचं बिल वजा करून. मार्चअखेर तुम्ही पुण्याला गेल्यावर इकडे फेऱ्या मारता येणार नाहीत. वीज बिल उशिरा येतं, म्हणून निघायच्या आठवडाभर आधी वीज खात्याच्या मडगाव कार्यालयात जाऊन त्या दिवसापर्यंतचं बिल काढून मागा आणि भरून पावती मालकाच्या हातात द्या.

फातोर्ड्यात स्टेडियमच्या मागच्या बाजूला आमच्या माहितीतली दोन घरं ऑक्टोबरात रिकामी होणार आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.